एक कागद, तीन सह्या

ऑक्टोबर महिना, सबमिशनची ऐन धामधूम, आणि रात्री साडेदहाला आईचा फोन. "अगं, मावशीने एक कागद पाठवलाय फोटो काढून. तुझ्या मोबाईलवर टाकलाय बघ. वाच आणि मला नीट मराठीत सांग. ती फार नाराज आहे."

माझी ही मावशी न्यूजर्सीत असते. अमेरिकेतली मावशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं घर, दोन गाड्या आणि आयटीतले काका येतात. आमचे काका आयटीत नाहीत. ते एका दुकानात काउंटरवर उभे असतात. मावसभाऊ तिसरीत आहे. त्याच्या शाळेतून तो कागद आला होता. वर ठळक अक्षरात 'टायटल वन', मध्ये बरंच काही बारीक अक्षरात, आणि खाली तीन सह्यांसाठी जागा : शिक्षक, पालक, विद्यार्थी. सोबत एका मीटिंगची नोटीस, इंग्लिशमध्ये आणि स्पॅनिशमध्ये.

मावशीच्या रागाचं कारण वेगळंच होतं. तिथल्या शेजारणीने तिला सांगितलं होतं, की टायटल वन म्हणजे गरिबांच्या आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी असतं. "म्हणजे आमचा मुलगा ढ आणि आम्ही भिकारी, असं शाळेनेच लिहून दिलंय. आणि वर सही मी करायची!"

खरं सांगायचं तर मलाही आधी तसंच वाटलं. मग चार रात्री जर्नल बाजूला ठेवून मी त्या टायटल वनच्या मागे लागले, आणि लक्षात आलं की शेजारणीचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं फार महत्त्वाचं आहे. तेच इथे मांडते. (माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलंय, त्यामुळे उरलेल्या चुका तिच्या!)

मुळात अडचण काय होती?

अमेरिकेच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. त्यामुळे शाळा चालवणं हे तिथे राज्यांचं आणि स्थानिक मंडळांचं काम. या मंडळाला 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात. हा आपल्यासारखा जिल्हा नव्हे. कधी एक गाव, कधी एक शहर, एवढाच त्याचा पसारा असू शकतो. शाळेचा बहुतेक खर्च राज्य सरकार आणि हे डिस्ट्रिक्ट मिळून करतात, आणि डिस्ट्रिक्टचा पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. फेडरल सरकारचा, म्हणजे आपल्या भाषेत केंद्राचा वाटा साधारणपणे शंभरातले आठ-दहा डॉलर. कोविडच्या काळात तो तात्पुरता वाढला होता, एवढंच.

आता घरपट्टीचा हिशोब करून बघा. जिथे महागडी घरं, तिथे घरपट्टी भरपूर, म्हणून शाळेला पैसा भरपूर. जिथे लोक गरीब, घरं स्वस्त, तिथे पट्टीचा दर वाढवला तरी हातात येतं थोडंच. म्हणजे ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नाहीत, शिकवायला कुणी नाही, नेमकी त्यांचीच शाळाही कडकी! राज्य सरकारं ही दरी थोडीफार बुजवतात, पण सगळीकडे सारखी नाही.

या दुखण्यावर १९६५ साली एक कायदा झाला. 'एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन अ‍ॅक्ट' हे त्याचं लांबलचक नाव. टायटल म्हणजे कायद्याचा एक भाग. त्यातला पहिला भाग तो टायटल वन, आणि सगळ्यात मोठा पैसाही त्याच भागात.

हा कायदा आणणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. त्यांची गोष्ट मला फार आवडली, कारण ती सुरू होते तेव्हा ते आपल्याच वयाचे होते, वीस वर्षांचे. १९२८ साली कॉलेजमधून एक वर्ष बाहेर पडून त्यांनी टेक्सासमधल्या कोटुला नावाच्या छोट्या गावात मास्तरकी केली. शाळेचं नाव वेलहाउसन. सगळी मुलं मेक्सिकन वंशाची, घरची गरीब, इंग्लिश जेमतेम. कित्येक मुलं सकाळी काही न खाताच वर्गात येत. ही मुलं जॉन्सन विसरले नाहीत. मार्च १९६५ मध्ये अमेरिकन संसदेसमोर केलेल्या भाषणात त्यांनी त्या वर्गाची आठवण सांगितली. त्याच वर्षी ११ एप्रिलला त्यांनी या कायद्यावर सही केली ती वॉशिंग्टनला नव्हे, तर टेक्सासमधल्या आपल्या गावाजवळ, ज्या एका खोलीच्या शाळेत ते लहानपणी गेले होते तिच्या बाहेर. शेजारी त्यांच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी, बसल्या होत्या.

म्हणजे या गोष्टीत सही पहिल्यापासून आहेच.

फॉर्म्युला (घाबरू नका, इंटिग्रेशन नाही)

पहिल्या वर्षी टायटल वनसाठी सुमारे एक अब्ज डॉलर होते. २०२४ या आर्थिक वर्षात ते १८ अब्जांच्या वर होते. एवढा पैसा वाटायचा कसा? इथे आपल्या जातीचं काम सुरू होतं.

पहिली पायरी, सरकार ते डिस्ट्रिक्ट. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधली ५ ते १७ वयाची गरीब घरांतली मुलं मोजतात. आकडा जनगणना खात्याच्या अंदाजावरून घेतात. त्यात अनाथ, दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेली, अशी काही मुलं मिळवतात. मग त्या राज्यात एका विद्यार्थ्यामागे सरासरी किती खर्च होतो ते बघतात, आणि त्याचे ४० टक्के घेतात. (फार श्रीमंत आणि फार काटकसरी राज्यांमुळे गणित बिघडू नये म्हणून या आकड्याला वर-खाली मर्यादा आहे.) मुलांची संख्या गुणिले हे ४० टक्के, म्हणजे त्या डिस्ट्रिक्टचा हक्क.

उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. एका डिस्ट्रिक्टमध्ये अशी १,००० मुलं, आणि राज्याचा सरासरी खर्च १५,००० डॉलर. त्याचे ४० टक्के ६,०००. म्हणजे हक्क ६० लाख डॉलरचा. वा! पण थांबा. संसद एवढा पैसा मंजूरच करत नाही. जेवढा मंजूर होईल त्या प्रमाणात सगळ्यांचे हक्क खाली छाटतात. मेसमध्ये पनीर कमी आणि ताटं जास्त असली की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

प्रत्यक्षात असे एक नाही, चार फॉर्म्युले आहेत, आणि चौघांचे पैसे मिळून डिस्ट्रिक्टचा वाटा ठरतो. सगळ्यात जुन्या फॉर्म्युल्याची अट फार सैल आहे. किमान १० गरीब मुलं, आणि ती एकूण मुलांच्या २ टक्क्यांहून जास्त. या अटीत देशातली बहुतेक डिस्ट्रिक्ट्स बसतात. नंतर आलेल्या फॉर्म्युल्यांनी हे सुधारायचा प्रयत्न केला. जिथे गरिबी दाट, तिथलं एक मूल गणितात एकापेक्षा जास्त धरतात. कारण वर्गात दोन मुलं गरीब असणं वेगळं, आणि तीसपैकी पंचवीस असणं वेगळं. दुसऱ्या वर्गातल्या बाईंचं काम कितीतरी पट अवघड.

दुसरी पायरी, डिस्ट्रिक्ट ते शाळा. डिस्ट्रिक्टने आपल्या शाळा गरिबीच्या क्रमाने लावायच्या. कितीतरी ठिकाणी हा क्रम मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांवरून ठरतो. ज्या शाळांत गरीब मुलं ७५ टक्क्यांहून जास्त, त्यांना आधी द्यायचं, मग बाकीच्यांना.

तिसरी पायरी, शाळा ते मूल. आणि मावशीचा गैरसमज नेमका इथे होता.

ज्या शाळेत ४० टक्के किंवा जास्त मुलं गरीब घरची असतात, ती शाळा टायटल वनचा पैसा सगळ्या शाळेच्या सुधारणेसाठी वापरू शकते. त्यासाठी आधी शाळेची गरज तपासून आराखडा करावा लागतो. मग वाचन शिकवणाऱ्या खास शिक्षिका, वर्गात मदतनीस, शाळेनंतरचे किंवा सुट्टीतले वर्ग, समुपदेशक, शिक्षकांचं प्रशिक्षण, जे आराखड्यात बसेल ते. अशा शाळेत 'हा टायटल वनचा मुलगा' असा शिक्का कुणावरच मारत नाहीत. सगळी शाळाच त्यात असते. माझ्या मावसभावाची शाळा या प्रकारची निघाली. कागद शाळेतल्या प्रत्येक घरी गेला होता!

जिथे गरीब मुलं त्याहून कमी, त्या शाळेत (खास परवानगी नसेल तर) दुसरी पद्धत. जी मुलं ठरवलेल्या पातळीपर्यंत पोचत नाहीत, किंवा मागे पडण्याचा सगळ्यात जास्त धोका ज्यांना आहे, ती निवडायची आणि त्यांच्यावर पैसा खर्च करायचा. आता यातली गंमत बघा. ही निवड करताना मुलाचे आई-वडील किती कमावतात हे बघतच नाहीत. अभ्यासातली गरज बघतात. म्हणजे पैसा शाळेच्या दारापर्यंत येतो तो गरिबी मोजून, पण दाराच्या आत तो वाटला जातो गरज मोजून. डॉक्टरचा मुलगा वाचनात अडत असेल तर त्याला मदत मिळू शकते, आणि दुकानातल्या कामगाराची हुशार मुलगी असेल तर तिला गरज नाही म्हणून मिळणारही नाही. (बेघर मुलांसारख्या काहींना मात्र थेट पात्र धरतात.)

मला हे वाचून एकदम हलकं वाटलं. कायदा 'ढ' हा शब्द वापरत नाही. तो विचारतो, कोण अडलंय? कुठे अडलंय?

वरणात पाणी

कुठल्याही योजनेचं पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तोही भाग सांगते.

समजा घरून तुम्हाला फळांसाठी म्हणून वेगळे पैसे आले. ते कळल्यावर मेसवाल्याने तुमच्या वरणात पाणी वाढवलं. 'फळं खातोच आहे ना हा, मग वरण पातळ चालेल!' शेवटी तुमच्या पोटात गेलं तेवढंच, फायदा झाला मेसवाल्याचा. टायटल वनचं अगदी हेच होऊ शकतं. वॉशिंग्टनहून पैसा आला की डिस्ट्रिक्टने त्या शाळेचा आपला पैसा कमी करायचा.

सुरुवातीला असं झालंही. १९६९ साली रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लुर या दोघींनी या पैशाचे हिशोब तपासून एक अहवाल काढला. गरीब मुलांसाठी आलेला पैसा कितीतरी ठिकाणी भलतीकडेच वळवला होता. अगदी पोहण्याच्या तलावांपर्यंत! त्या अहवालानंतर नियम कडक झाले. आजचा नियम एका वाक्यात असा : हा पैसा भर घालण्यासाठी आहे, भरपाईसाठी नाही. डिस्ट्रिक्टला दाखवावं लागतं, की आम्ही आमचा आणि राज्याचा पैसा शाळांना वाटताना कुठली शाळा टायटल वनची आहे हे बघितलेलं नाही. शिवाय आपला खर्च आदल्या वर्षाच्या ९० टक्क्यांच्या खाली घसरू द्यायचा नाही. म्हणजे वरण सगळ्यांना सारखं, आणि फळं वेगळी.

कॉन्व्हेंटमधली म्हणून मला एक प्रश्न पडला. तिथल्या चर्चच्या शाळांत जाणाऱ्या गरीब मुलांचं काय? तर कायदा पहिल्यापासून त्यांनाही मोजतो. खासगी शाळेत शिकणाऱ्या पात्र मुलांना डिस्ट्रिक्टने मदत द्यायचीच. पण अमेरिकेत सरकार आणि धर्म यांच्यात घटनेची भिंत. १९८५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सरकारी शिक्षकाने धार्मिक शाळेच्या आत जाऊन शिकवायचं नाही. मग काय, शाळेच्या बाहेर व्हॅन उभ्या राहिल्या! मुलं वर्गातून उठून व्हॅनमध्ये जायची, गणित शिकायची आणि परत यायची. भाड्यात आणि डिझेलमध्ये पैसा जात राहिला. शेवटी १९९७ साली कोर्टाने आपलाच निर्णय फिरवला आणि बाई पुन्हा शाळेत आल्या.

आई-बाबांची खुर्ची

आता त्या तीन सह्यांकडे येते. पण त्याआधी माझी एक जुनी चोरी कबूल करते.

आमच्या शाळेत दर टर्मला ओपन डे असायचा. सगळा कारभार इंग्लिशमध्ये. आई बाकावर बसायची, टीचर भराभर बोलायच्या, आई मान डोलवायची आणि प्रगतिपुस्तकावर सही करायची. बाहेर आल्यावर मला विचारायची, "काय म्हणाल्या गं?" म्हणजे माझ्याविरुद्धच्या तक्रारीचं भाषांतर करायचं काम माझ्याकडेच! सातवीत टीचर म्हणाल्या होत्या, की हिला फ्रॅक्शन्स आणि अल्जिब्रा अजिबात कळत नाही, ही पाठ करते, घरी लक्ष द्या. मी भाषांतर केलं, "मॅथ्स ठीक आहे, अक्षर सुधारायला सांगितलंय." आईने मला दोन महिने शुद्धलेखन लिहायला लावलं. मी सुटले, असं मला वाटलं. एम-वनला केटी लागली तेव्हा कळलं, की मी सुटले नव्हते, सातवीतच अडकून पडले होते.

म्हणून टायटल वनमधला पालकांचा भाग वाचताना मी जरा गप्पच झाले.

हा भाग सरळ रेषेत आलेला नाही. १९७४ साली कायद्याने पालकांच्या सल्लागार समित्या सक्तीच्या केल्या, डिस्ट्रिक्टमध्ये आणि शाळेतही. १९७८ मध्ये त्यांना आणखी बळ दिलं. १९८१ मध्ये, 'सरकारची लुडबूड कमी' या धोरणात, ती सक्ती गेली. १९८८ मध्ये पालकांचा सहभाग पुन्हा कायद्यात आला. १९९४ मध्ये तो आज मावशीच्या हातात असलेला कागद आला. त्याला 'काँपॅक्ट' म्हणतात, आपण करारपत्र म्हणू. २०१५ साली बराक ओबामांच्या सहीने कायद्याचं नवं रूप आलं, आणि त्यात 'पालक' या शब्दाच्या जोडीला 'कुटुंब' हा शब्द बसवला. कारण कितीतरी मुलांना आजी, मामा, मोठी बहीण वाढवत असतात.

आज टायटल वनच्या शाळेवर काय बंधनं आहेत?

वर्षातून एक मीटिंग घ्यायची, सगळ्या पालकांना बोलवायचं आणि सांगायचं, की आपली शाळा यात आहे, पैसा कशासाठी आहे आणि तुमचे हक्क काय आहेत. मीटिंगा पालकांच्या सोयीने ठेवायच्या, सकाळी, संध्याकाळी. गरज असेल तर येण्याजाण्याचा खर्च, तेवढा वेळ लहान मुलं सांभाळायची सोय, नाहीतर शिक्षकांनी घरी भेट देणं, हे सगळं याच पैशातून करता येतं. शाळेचं पालकविषयक धोरण पालकांबरोबर बसून ठरवायचं, आणि शक्य तिथवर पालकांना समजेल अशा भाषेत द्यायचं.

मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाचं शिक्षण काय झालंय, हे विचारायचा हक्क पालकाला आहे. एखाद्या मुलाला सलग चार आठवडे त्या इयत्तेसाठी किंवा विषयासाठी राज्याने ठरवलेली पात्रता नसलेला शिक्षक शिकवत असेल, तर शाळेने आपणहून घरी कळवायचं. कल्पना करा, असा नियम आपल्याकडे लॅबला असता तर किती पत्रं घरी गेली असती! (स्टाफने हलकेच घ्यावे.)

आणि पैसा? ज्या डिस्ट्रिक्टला वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त मिळतात, त्याने किमान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढायचा, आणि त्यातले किमान ९० टक्के शाळांपर्यंत पोचवायचे. म्हणजे १० लाख मिळाले तर १०,००० बाजूला, आणि त्यातले ९,००० शाळांना. तो कसा खर्चायचा हे ठरवताना पालकांनाही विचारायचं.

राहिलं करारपत्र. मुलाची प्रगती ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी, हे त्यात लिहिलेलं असतं. शाळा काय करेल : चांगलं शिकवेल, प्रगती वेळोवेळी कळवेल, पालकाला वर्गात येऊन बघू देईल, मदत करू देईल. पालक काय करेल : घरी अभ्यासाला आधार देईल, शाळेच्या निर्णयांत भाग घेईल. प्राथमिक शाळेत वर्षातून एकदा तरी शिक्षक आणि पालकांनी बसून या करारावर त्या मुलापुरतं बोलायचं. मोडला म्हणून कोर्टात खेचण्यासारखा हा करार नव्हे. सह्या हव्यातच असंही कायदा म्हणत नाही, त्या शाळा घेतात. पण मला त्या कागदात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. प्रगतिपुस्तकावर फक्त पालकाची सही असते, जणू कबुलीजबाब. इथे शाळेचीही सही आहे.

मग सगळं छान आहे का?

नाही. एवढं वाचून तसं लिहिलं तर तो निबंध होईल, लेख नाही.

पहिली गोष्ट, पैसा पातळ पसरतो. सैल अटीमुळे जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात थोडा पोचतो, म्हणून संसदेत या योजनेला पाठिंबाही टिकतो. पण याच कारणाने सगळ्यात गरीब शाळांच्या वाट्याला हवा तेवढा येत नाही. दुसरी गोष्ट, परिणाम. कायदा होत असतानाच सिनेटर रॉबर्ट केनेडींनी आग्रह धरला होता, की या पैशाने मुलं खरंच शिकतात का ते मोजा. मोजलं तेव्हा उत्तरं फारशी सुखाची आली नाहीत. १९९० च्या दशकात संसदेच्या सांगण्यावरून 'प्रॉस्पेक्ट्स' नावाचा मोठा अभ्यास झाला. मदत मिळणारी मुलं आणि बाकीची मुलं यांच्यातलं अंतर या कार्यक्रमाने बुजलं, असं त्यात दिसलं नाही.

मग जॉर्ज बुश यांनी जानेवारी २००२ मध्ये सही केलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने दुसरं टोक गाठलं. दरवर्षी तिसरी ते आठवीच्या परीक्षा, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं ठरलेल्या पातळीवर! ज्या शाळा सलग मागे पडतील त्यांच्यावर कारवाई. शंभर टक्के रिझल्ट हा आपल्या युनिव्हर्सिटीतही विनोदाचा विषय आहे, तर देशभर तो कुठून लागणार? लागला नाहीच. २०१५ च्या कायद्याने परीक्षा ठेवल्या, पण नापास शाळेचं काय करायचं ते बरंचसं राज्यांवर सोपवलं.

आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकण्याचा आदेश काढला. पण खातं १९७९ च्या कायद्याने उभं राहिलेलं, आणि टायटल वन १९६५ च्या. दोन्ही रद्द करण्याचा अधिकार संसदेचा, राष्ट्राध्यक्षांचा नाही.

पालकांच्या बाबतीतही कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर असतंच. मीटिंग दुपारी ठेवली की दुकानात काम करणारे काका येऊ शकत नाहीत. नोटीस स्पॅनिशमध्ये असते, मराठीत नसते. सही घेऊन कागद फाईलला लावला की झालं, असंही होऊ शकतं. कायदा खुर्ची मांडू शकतो. बसवू शकत नाही.

फोन

हे सगळं मी पाचव्या रात्री आईला फोनवर सांगितलं. फॉर्म्युल्यासकट. मावशीही लाईनवर होती. मी म्हटलं, "मावशी, तू सही कर. पण आधी मीटिंगला जा, आणि एक प्रश्न विचार. माझा मुलगा नेमका कुठे अडतो, आणि मी घरी काय करू? तुला हे विचारायचा हक्क आहे, तुझ्या कागदावरच लिहिलंय तसं."

मावशी गेली. मीटिंग संध्याकाळी होती, काकांनी शिफ्ट बदलून घेतली. ती घाबरत घाबरत उभी राहिली आणि तिच्या इंग्लिशमध्ये प्रश्न विचारला. नंतर वाचनाच्या बाईंनी तिला बाजूला बसवून दाखवलं, की मुलगा शब्द वाचतो, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून घ्या, आणि मग गोष्ट तुमच्या भाषेत सांगायला लावा. मराठीत सांगितली तरी चालेल. मावशीला सगळ्यात आनंद झाला तो या शेवटच्या वाक्याचा. आता रोज रात्री मावसभाऊ इंग्लिश गोष्ट वाचतो आणि मोडक्या मराठीत सांगतो. अजून अडतो. पण कुठे, ते आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या फोननंतर मावशी लाईनवरून गेली आणि आई थांबली. मी धीर करून सातवीतली चोरी सांगून टाकली. मला वाटलं, ओरडेल. आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कळायचं गं. टीचरच्या चेहऱ्यावरून कळायचं, की अक्षराबद्दल बोलत नाहीयेत. पण विचारायचं कसं नि कुणाला?"

एम-थ्रीचा अभ्यास मी त्या रात्री फ्रॅक्शन्सपासून सुरू केला.